विहीणबाईंचा उपास

मी लिहायला बसते ती दुपारी. सकाळी बोटं माझं ऐकत नाहीत. ऊन ओट्यावर आलं, गरम पाण्यात हात बुडवून झाले, की मग एकेक बोट मोकळं होतं, तेही उपकार केल्यासारखं. पहिल्यांदा पुण्याच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला होतं का असं?" मी म्हटलं, "होतं. आईला होतं, आईच्या आईला होतं." त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंसं वाक्य. पण हेच वाक्य आमच्या घरात एकदा कोणाच्या तोंडून निघता निघत नव्हतं, आणि त्यापायी माझी आई मला गमावून बसणार होती.

तेव्हा मी सहा महिन्यांची होते. मला ते आठवतं असं म्हटलं तर ती शुद्ध थाप होईल. पण ज्या लेकराची ओढाताण चालली होती ते लेकरू मी, तेव्हा गोष्टीवर माझा हक्क आहे. शिवाय ती मला तिन्ही बाजूंनी ऐकायला मिळाली आहे: आईकडून, काकीकडून आणि आजीकडून. आजीची बाजू अर्थातच सगळ्यात मोठ्या आवाजातली.

साल एकोणीसशे सव्वीस-सत्तावीस. वर मुळशीला धरणाचं पाणी चढत होतं आणि गावंच्या गावं उठून खाली येत होती. आम्ही खालच्या भरे गावचे धनगर. घरात कर्ती म्हणजे माझी आजी, राजाबाई. तिचा थोरला मुलगा धुळाजी आणि त्याची बायको साळूबाई, ही माझी काकी. त्यांना बारा वर्षांत मूल नव्हतं. धाकटा गेणू, हा माझा बाप, आणि सुंदरा माझी आई. आईच्या चातीवरचं लोकरीचं सूत इतकं बारीक आणि एकसारखं निघायचं, की पिरंगुटच्या बाजारात घोंगडी नुसती चाचपून लोक म्हणायचे, ही राजाबाईच्या सुनेची.

आजीला सुनेचा अभिमान होता, पण त्याहून जास्त अभिमान होता विहिणीचा. ही विहीण म्हणजे नांदे गावची तुकाबाई, माझ्या आईची आई. तिची तारीफ आजी ज्याला त्याला ऐकवायची. "आमची ईवन म्हंजे लाजाळू किती! अख्ख्या लगनात नखसुदिक दिसलं न्हाई. वटी भरली ती पदराआडनं. आन् लेकीसाठी उपास धरल्याला, मांडवात घासभर खाल्लं न्हाई." तुकाबाई भऱ्याला सहसा यायची नाही. त्यातही आजीला मोठेपणाच दिसायचा. लेकीच्या घरचं पाणी पीत नाही, जुन्या वळणाची बाई आहे, असं ती कौतुकानं सांगायची.

खरं कारण आईला ठाऊक होतं. तुकाबाईचे दोन्ही हात वाकडे होते. सांधे गाठींसारखे सुजलेले, बोटं करंगळीच्या अंगाला कललेली. हळदीच्या दिवशी तिनं आईला जवळ घेऊन स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता. "माज्या हाताचं सासरी बोलायचं न्हाई. तुज्या पाठीवर धोंडी हाय, तिलाबी उजवायची हाय मला." दहा-अकरा वर्षांच्या पोरीनं शपथ घेतली आणि पाळली.

आता लोकरीचं सांगते. आमच्या घरात रीत अशी, की कोकराची पहिली कातर, म्हणजे त्याचं जावळ, बिरोबाचं. ते आढ्याला टांगलेल्या मडक्यात साठवायचं आणि जत्रेला देवाच्या पायी घालायचं. त्याला घरच्यांनी हात लावायचा नाही. माझा जन्म श्रावणातला. पुरुषमाणसं मेंढरं घेऊन पलीकडे देशावर गेलेली, कारण आमच्याकडच्या चिखलात मेंढराचे खूर कुजतात. घरात लोकर शिल्लक नाही, भिंतींना ओल, आणि माझ्या आधीचा आईचा मुलगा अशाच पावसात बाविसाव्या दिवशी गारठून गेलेला. माझा एकविसावा दिवस उजाडला तशी आईला राहवेना. आजी गोठ्यात असताना तिनं मडकं उतरवलं, दोन मुठी जावळ काढलं, बोटांनी पिंजलं आणि माझ्या कुंचीच्या अस्तरात भरून शिवून टाकलं. मी जगले. लोकरीनं जगले की माझ्या हट्टानं, ते बिरोबालाच ठाऊक.

दिवाळी झाली आणि आईचे हात धरले. आधी दोन बोटं, मग दोन्ही हातांची मधली बोटं, मग मनगटं. डाव्याला झालं की दोन दिवसांत उजव्याला, जसं काही दोघांनी मिळून ठरवलंय. सकाळी मूठ वळायची नाही. जात्याचा खुंटा धरवायचा नाही, मला उचलायचं तर कोपरांनी. दुपारी जरा सैल पडायचं. चात फिरेना, फिरलीच तर सूत तुटायचं. अंगात कणकण असायची आणि आई भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगायची.

कारणं शोधण्यात आमचं गाव पटाईत. कामाला माणूस मिळायचं नाही, पण कारण सांगायला दहा यायचे. कोणी म्हणालं, बाळंतिणीनं गार पाण्यात हात घातला. कोणी म्हणालं, कातरणीआधी मेंढरं धुवायला नदीत उतरली होती ना, तिथंच वारं शिरलं. वांग्यावर खापर फुटलं, ताकावर फुटलं. पाटलाच्या सारजाबाईंनी तर पोटुशी असताना ग्रहणात काही चिरलं होतंस का म्हणून कसून चौकशी केली. आजी हे सगळं चिलीम ओढत ऐकायची आणि धूर सोडून म्हणायची, "गारठाच ह्यो. दुसरं काय बी न्हाई."

आज माझे डॉक्टर सांगतात, गारठ्यानं दुखणं वाढल्यासारखं वाटतं, पण ते गारठ्यानं होत नाही. रक्तात असावं लागतं, त्यातून बाईला जास्त, बाळंतपणानंतर उचल खातं, आणि तंबाखूच्या धुरानं त्याला बळ मिळतं. आणि एवढं सगळं असूनही नेमकं कोणाला धरेल ते सांगता येत नाही म्हणतात. आमच्या दोन्ही आज्या चिलीम ओढायच्या. तुकाबाईचे हात गेले. राजाबाई मरेपर्यंत सुईत दोरा ओवत होती.

पौषात आजी आईला घेऊन पिरंगुटच्या बाजाराला गेली. तिथं पुण्याहून एक डॉक्टर टांग्यानं यायचे. माणूस हुशार होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांनी दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"सकाळी जास्त दुखतं की संध्याकाळी?"

"सकाळच्याला."

"गरोदर होतीस तेव्हा?"

"तवा काय बी न्हवतं."

"तुझ्या आईला, मावशीला, कोणाला आहे का असं?"

आईनं आजीकडे पाहिलं. धोंडीची, म्हणजे माझ्या मावशीची, नुकतीच सुपारी फुटली होती, आणि तीही कुठं, तर आजीच्याच भावाच्या घरी, बावधनला. सोयरीक आजीनंच जुळवली होती. त्या घरालाही सूत काढणारे हात हवे होते. वाकड्या हातांच्या रक्ताची पोर जाणूनबुजून कोण करून घेईल?

"न्हाई," आई म्हणाली.

"मग दातातून विष उतरतंय," डॉक्टर म्हणाले. त्या काळी ती नवी विद्या होती. मोठमोठ्या शहरांत सांधेदुखीवर दात उपटत होते आणि पुस्तकांत तसं लिहीत होते. डॉक्टरांना दोन दाढांवर काळे ठिपके दिसले, त्यांनी त्या काढल्या. आईला ठाऊक होतं की या दाढांचा काही दोष नाही. तरी तिनं तोंड उघडलं आणि बहिणीसाठी दोन धडधाकट दाढा देऊन टाकल्या. हे आठवलं की मला आजही आईचा रागच येतो, आणि मग रडू येतं.

दाढा गेल्या, हात तसेच राहिले. मग एक दिवस काकीनं माझी कुंची धुवायला घेतली. अस्तर उसवलं आणि आतून कोकराचं काळं मऊ जावळ बाहेर आलं. काकी ओरडली नाही, पण आजी मागंच उभी होती. आजीनं ते चिमटीत धरून उन्हात पाहिलं आणि आईला हाक मारली.

आईनं नाकारलं नाही. "गारठली असती पोर, आत्याबाई," एवढंच म्हणाली.

आजी दुष्ट नव्हती हे मी शपथेवर सांगेन. ती घाबरली होती. एक नातू गेलेला, सुनेचे हात गेले, आता देव नातीवर हात टाकणार, असं तिच्या मनानं घेतलं. ती देवऋषाकडे गेली. त्यानं भंडारा उधळून सांगितलं, ज्या लेकरानं देवाचं पांघरलं ते देवाचं झालं. ते त्या मांडीवर ठेवू नका, दुसऱ्या मांडीवर घाला. दूध पाजायचं तर दाई म्हणून पाजा, आई म्हणून नाही. आणि एकदा दिलं की परत घ्यायचं नाही.

दुसरी मांडी घरातच होती. काकीला कोणी काही विचारलं नाही. तिनं मात्र त्या आठवड्यात नवं कापड आणून माझ्यासाठी दुसरी कुंची शिवली. ती शिवताना आपण गात होतो, असं तिनं मला म्हातारपणी स्वतः सांगितलं. सांगताना तिनं खाली पाहिलं होतं.

आणि आई? एका शब्दात सुटका होती. नांद्याला चला आणि माझ्या आईचे हात बघा, म्हटलं की झालं. तिनं तो शब्द काढला नाही. हळूहळू तिला स्वतःलाच वाटू लागलं की चूक आपलीच. देवाचं आपण घेतलं ते तर खरंच होतं. माणूस रोज सकाळी दुखऱ्या हातांनी जागं झालं की कुठलंही कारण खरं वाटू लागतं.

माघातला रविवार ठरला. अशा कामाला माहेरचं माणूस लागतं, म्हणून नांद्याला निरोप गेला. कशासाठी ते सांगितलं नव्हतं, लेकराचं काही करायचं आहे एवढंच. आजीचा भाऊ बहिरू बावधनहून आला, आता तोही सोयराच होणार होता म्हणून. सकाळी ओसरीवर घोंगडी अंथरली. देवऋषी आला. माझा बाप खांबाला टेकून जमिनीकडे बघत बसला. पुरुष मेंढरांना वाचवतील, वादळाला तोंड देतील, पण बायकांच्या अशा वेळी त्यांना जमीन फार आवडते.

तुकाबाई आली आणि नेहमीप्रमाणे पदराआड हात घेऊन कोपऱ्यात टेकली. आई तिला पाणी द्यायला गेली. तांब्या दोन्ही मनगटांत धरून नेला. तुकाबाईनं ती मनगटं पाहिली. तिनं काहीही विचारलं नाही. या दुखण्यात तिला दुसऱ्याला विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

आईनं मला घोंगडीवर ठेवलं. काकीनं उचलून मांडीवर घेतलं. देवऋषानं भंडाऱ्यात बोट बुडवलं, तेवढ्यात तुकाबाई बोलली.

"ह्ये काय चाललंया, ईवनबाई?"

आजीनं सगळं सांगितलं. मडकं, जावळ, कुंची, कोप. "देवाचं घेतलं म्हनून हात गेलं पोरीचं. आता लेकरू तरी ऱ्हाऊ द्या म्हनलं."

तुकाबाईनं ओसरीवरून नजर फिरवली. समोर बहिरू बसला होता, धोंडीचा होणारा सासरा. आईनं मान हलवली. नको, नको.

"देवाचं घेतलं म्हनून हात गेलं म्हंता?"

"मग? आनी कशानं?"

"आये, नगं," आई म्हणाली. "धोंडीचं बघ."

"धोंडीचं धा वर्सं बघितलं," तुकाबाई म्हणाली. "आता तुजं बघती."

तिनं पदरातून हात काढले आणि सगळ्यांसमोर घोंगडीवर उताणे ठेवले. मग पालथे ठेवले. बोटं एका अंगाला पडलेली, सांध्यांच्या गाठी झालेल्या, अंगठा आत वळलेला. माघाच्या उन्हात ते हात उघडे पडले होते.

"मी कुटल्या देवाची लोकर घेतली हुती, सांगा मला," तुकाबाई म्हणाली. "ही सुंदरा तीन म्हयन्यांची हुती, तवा धरलं. धोंडीच्या येळंला पोटुशी ऱ्हायले तवा सुटलं. म्हनलं देव पावला. धोंडी झाली न् पुन्यांदा धरलं, ते ह्ये असं. माज्या मावशीचंबी असंच हुतं. ह्यो देवाचा कोप न्हाई, ईवनबाई. आमच्या रगतातच हाय. तिचं लेकरू तोडू नगा."

बहिरू उठला. घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. "आक्का, येतो मी. मेंढरं सोडायचीत."

मेंढरं केव्हाच सुटली होती, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आजीनं त्याला थांब म्हटलं नाही. तो पान न खाता गेला.

देवऋषी खाकरला. "देवाच्या कामात असं आडवं..."

"तुमी गप बसा जरा," आजी म्हणाली. ती अजून त्या हातांकडेच बघत होती. "लोकर घेतली त्येचा दंड देवाला देऊ. एक कोकरू देऊ. लेकरू न्हाई."

मग सगळ्यांच्या नजरा काकीकडे गेल्या, कारण मी अजून तिच्याच मांडीवर होते. बारा वर्षांनी भरलेली मांडी. तिनं मला जरा घट्ट धरलं. मग उठली, आईसमोर बसली आणि मला आईच्या मांडीवर ठेवलं. आईची बोटं वळेनात, मी घसरू लागले. काकीनं स्वतःच्या हातांनी आईचा पदर काढून मला तिच्या पोटाशी बांधून दिलं.

"सकाळच्याला तुला धरवत न्हाई, ठावं हाय मला," ती म्हणाली. "सकाळी मी घीन. ऊन आलं की तुजी."

आणि उठून गोठ्यात गेली. तिथं तिनं काय केलं ते कोणी पाहिलं नाही. पण मी वाढले ती तशीच, सकाळी काकीची आणि दुपारी आईची. काकीनं शिवलेली ती नवी कुंची फाटेपर्यंत मीच घातली.

धोंडीमावशीचं काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल हिनं गोड गोड तेवढंच सांगितलं. बावधनची सोयरीक मोडली. बातमी नांद्यापर्यंत तुकाबाईच्याही आधी पोचली. मावशी तीन वर्षं घरी बसली, मग एका बिजवराला दिली. त्याच्या पहिल्या घरची चार मुलं तिनं वाढवली, स्वतःची तीन. आणि गंमत ऐका, तिचे हात ऐंशीव्या वर्षापर्यंत सरळ होते. दुखण्यानं तिला धरलंच नाही. बहिरूच्या घराण्यानं उगीच एक चांगली सून घालवली.

त्या रविवारी मात्र हे कोणालाच माहीत नव्हतं. तुकाबाईला एवढंच माहीत होतं की एका लेकीचं घर राखायला दुसरीचं मोडलं. ती भिंतीशी बसून होती. हात आता पदराआड घ्यायचेही तिला सुचत नव्हतं.

दुपारी आजीनं जेवायला वाढलं. भाकरी, दूध, गुळाचा खडा. तुकाबाईनं ताट मागं सरकवलं. "मला नगं. आज माजा..."

आजीनं तिला तोडलं. "उपास हाय?"

तुकाबाई ताटातल्या भाकरीकडे बघत राहिली.

"लगनातबी उपासच हुता न्हवं?"

"न्हाई, ईवनबाई," तुकाबाई म्हणाली. "भाकर मोडत न्हवती. पदराआडनं कशी मोडू?"

आजीनं चिलीम बाजूला ठेवली. विहिणीचं ताट स्वतःकडे ओढलं. भाकरी उचलून दोन्ही हातांनी बारीक बारीक कुस्करली, वाटीत घातली, वर दूध ओतलं, गुळाचा खडा चुरला. तिची बोटं तशी झपाझप चालायची, त्या दिवशी तिला वेळ लागला. मग वाटी तुकाबाईच्या पुढ्यात ठेवली.

"धा वर्सं गावभर सांगत फिरले मी," आजी म्हणाली, "माजी ईवन लाजाळू, माजी ईवन उपासाची. माज्या मांडवातनं भुकी गेलीस की गं तू."

आणि तिनं दुसरी भाकरी कुस्करायला घेतली.